वादग्रस्त नेत्यांची ऑनलाइन चरित्रे, निःपक्षपात आणि हितसंबंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकिपीडियावर एखाद्या राजकीय नेत्याचे, धर्मगुरूचे किंवा पंथप्रमुखाचे चरित्र वाचणाऱ्यांना, लिहिणाऱ्यांना आणि ज्यांच्या साहेबांवर असे पान आहे त्या कार्यालयांतील मंडळींना पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बरीच उदाहरणे इंग्रजी विकिपीडियावरची आहेत, कारण हे वाद तिथे सर्वांत आधी झाले आणि त्यांचे निवाडे लेखी उपलब्ध आहेत. मराठीत वेगळे काय घडते, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

एखाद्या नेत्यावर श्रद्धा असणे हाच हितसंबंध मानायचा का?

नाही. मत असणे, श्रद्धा असणे आणि हितसंबंध असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चरित्रलेखन विषयाबद्दल आस्था असलेल्या माणसाकडूनच बहुधा होते. ज्याला त्या नेत्याबद्दल काहीच वाटत नाही तो त्याच्या पानावर तीन तास कशाला घालवील? परस्परविरोधी हितसंबंधांचा प्रश्न उभा राहतो तो लेखकाचे त्या व्यक्तीशी असलेले नाते वाचकाच्या हिताच्या आड येऊ शकते तेव्हा. पगार, कंत्राट, नातेसंबंध, संघटनेतील पद, निवडणुकीची उमेदवारी, न्यायालयात चालू असलेला दावा किंवा जाहीर वैर ही अशा नात्यांची नेहमीची रूपे आहेत. ‘येऊ शकते’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. लेखकाने प्रत्यक्षात पक्षपात केला की नाही हा पुढचा प्रश्न असतो. न्यायाधीश नातेवाइकाचा खटला ऐकत नाही, तेव्हा त्याच्या सचोटीबद्दल कोणी शंका घेतलेली नसते.

नाते उघडपणे सांगितले की प्रश्न मिटतो का?

अर्धाच मिटतो, आणि हे प्रेम रावत यांच्या पानाइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसले असेल. हरिद्वारजवळ १९५७ मध्ये जन्मलेले प्रेम रावत वडिलांच्या, म्हणजे हंसजी महाराजांच्या, १९६६ मधील निधनानंतर आठव्या वर्षी गुरुपदावर आले. जुन्या पिढीतील भारतीयांना ते बालयोगेश्वर या नावाने आठवत असतील. १९७१ मध्ये, तेराव्या वर्षी, ते लंडन आणि अमेरिकेत गेले. ‘डिव्हाइन लाइट मिशन’ या त्यांच्या संघटनेला तिथे हजारो तरुण अनुयायी मिळाले, आणि पुढे त्यांतलेच काही जण कडवे टीकाकार झाले. इंग्रजी विकिपीडियावर हे पान अनेक वर्षे अनुयायी आणि माजी अनुयायी यांच्यातील रस्सीखेचीचे मैदान होते.

फेब्रुवारी २००८ मध्ये ‘द रजिस्टर’ या ब्रिटिश संकेतस्थळाने या पानावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या एका प्रचालकाविषयी, म्हणजे खाती बंद करण्यासारखे जादा अधिकार असलेल्या स्वयंसेवक संपादकाविषयी, लेख छापला. हा प्रचालक रावत यांच्याशी संबंधित संघटनेत नोकरी करत होता, आणि हितसंबंधांविषयीच्या विकिपीडियावरील चर्चांतही सक्रिय होता. त्याने आपला संबंध लपवलेला नव्हता. आपल्या सदस्यपानावर त्याने तो आधीच नोंदवून ठेवला होता. तरीही वाद थांबला नाही, प्रकरण लवाद समितीपुढे, म्हणजे संपादकांतले वाद निकाली काढणाऱ्या स्वयंसेवकांच्या मंडळापुढे, गेले आणि २००८ मध्ये समितीने रावत यांच्याशी संबंधित पाने विशेष देखरेखीखाली ठेवली.

माझ्या मते या प्रकरणातली खरी अडचण त्याच्या नोकरीपेक्षा त्याच्या अनुभवात होती. ज्याला सर्व नियम पाठ आहेत, कोणता संदर्भ कोणत्या कलमाखाली बाद होतो हे ज्याला माहीत आहे आणि ज्याच्या शब्दाला इतर संपादकांत वजन आहे, असा माणूस लेखाला जोडलेल्या चर्चा पानावरूनही लेखाचा कल वळवू शकतो, आणि तेही एकही नियम न मोडता. नाते जाहीर केल्याने वाचक सावध होतो, पण लेखकाच्या हातातले बळ त्याने कमी होत नाही.

निःपक्षपात म्हणजे दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी जागा देणे का?

हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे. विकिपीडियाचा ‘योग्य वजन’ हा नियम सांगतो की, विश्वासार्ह आणि स्वतंत्र स्रोतांनी एखाद्या गोष्टीला जितके महत्त्व दिले आहे तितकेच चरित्रात द्यावे. मग ते प्रमाण नव्वदास दहा असले तरी हरकत नाही.

प्रेम रावत यांच्याच चरित्रातील एक वाक्य जवळून पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या अवाढव्य क्रीडागारात संघटनेने तीन दिवसांचा ‘मिलेनियम ७३’ हा सोहळा भरवला. एक लाखाहून अधिक लोक येतील असे आयोजक सांगत होते. प्रत्यक्षात सुमारे वीस हजार आले असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. आता हेच तिघांनी कसे लिहिले असते ते पाहू. (ही तिन्ही वाक्ये नमुन्यादाखल मी रचली आहेत.)

श्रद्धाळू लिहील : ‘अवघ्या पंधराव्या वर्षी त्यांनी अ‍ॅस्ट्रोडोममध्ये हजारोंच्या विराट समुदायाला शांतीचा संदेश दिला.’

दुखावलेला माजी अनुयायी लिहील : ‘लाखोंच्या वल्गना करून भाड्याने घेतलेले अ‍ॅस्ट्रोडोम रिकामेच राहिले.’

ज्ञानकोशात शोभणारे वाक्य असे होईल : ‘आयोजकांनी एक लाखाहून अधिक उपस्थितीची अपेक्षा व्यक्त केली होती, प्रत्यक्ष उपस्थिती सुमारे वीस हजार असल्याचे अंदाज आहेत.’

पहिल्या दोन वाक्यांत धडधडीत खोटे असे फारसे काही नाही. वीस हजार म्हणजे हजारोच, आणि पन्नास हजारांहून अधिक माणसे मावणाऱ्या जागेत वीस हजार बसले की ती ओस वाटते हेही खरे. पक्षपात होतो तो ‘अवघ्या’, ‘विराट’, ‘वल्गना’ आणि ‘रिकामेच’ या चार शब्दांत. वाचकाने काय वाटून घ्यावे ते हे शब्द आधीच ठरवून टाकतात. तिसऱ्या वाक्यात दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि निष्कर्ष वाचकावर सोडला आहे. तो निष्कर्ष आयोजकांना सुखावणारा असणार नाही हे उघड आहे, पण तेवढ्यावरून वाक्य अन्याय्य ठरत नाही.

अनुयायांनी केलेले गैरकृत्य नेत्याच्या चरित्रात येऊ शकते का?

येऊ शकते, मात्र कुठे, किती आणि कोणत्या क्रियापदासह, हे पाहावे लागते. ऑगस्ट १९७३ मध्ये डेट्रॉईट येथे एका भूमिगत, म्हणजे प्रस्थापितविरोधी, नियतकालिकाच्या पत्रकाराने निषेध म्हणून किशोरवयीन प्रेम रावत यांच्या तोंडावर फेसाने भरलेला ‘पाय’ (pie, केकसारखा पदार्थ) फेकून मारला. पुढे काही दिवसांत दोन अनुयायांनी त्या पत्रकाराला गाठून गंभीर जखमी केले. घटना नोंदली गेलेली आहे, त्या काळच्या वृत्तपत्रांत तिची चर्चा झाली, तेव्हा ती दडपण्याचे कारण नाही. परंतु कर्ता अनुयायी आहेत, आणि चरित्र नेत्याचे आहे. ‘त्यांच्या अनुयायांनी’ हे दोन शब्द गाळून ‘त्यांच्या टीकाकाराला मारहाण झाली’ असे लिहिले की दोष आपोआप नेत्याकडे सरकतो. मराठीतील कर्मणी प्रयोग या कामी फार सोयीचा असल्यामुळे आपल्याकडे याबाबत जास्तच दक्ष राहावे लागते.

विरोधकांनाही हितसंबंध असतात का, की हा नियम फक्त समर्थकांसाठी आहे?

असतात, आणि ते पकडणे अधिक अवघड जाते, कारण टीका करणारा माणूस वरवर तरी तटस्थ वाटतो. ब्रिटिश राजकारणी जॉर्ज गॅलोवे यांच्यासह अनेक डाव्या, युद्धविरोधी व्यक्तींच्या पानांवर वर्षानुवर्षे संपादने करणाऱ्या एका संपादकाचे प्रकरण २०१८ मध्ये गाजले. ज्यांच्याशी त्याचे समाजमाध्यमांवर उघड भांडण चालले होते त्यांचीच चरित्रे तो लिहीत होता. लवाद समितीने त्याला १९७८ नंतरच्या ब्रिटिश राजकारणाशी संबंधित सर्व पानांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. त्याला पगार कोणी देत नव्हते. वैर हाच त्याचा हितसंबंध होता. दुसरीकडे गॅलोवे यांनी या संपादकाची खरी ओळख सांगणाऱ्यास इनाम जाहीर केले. अन्याय झालेल्या माणसानेही करू नये अशीच ही गोष्ट आहे.

सत्य साईबाबा यांच्या पानावरून २००६ आणि २००७ मध्ये लवाद समितीपुढे दोन वेळा सुनावणी झाली, आणि दोन्ही वेळा भक्त आणि माजी भक्त अशा दोन्ही बाजूंच्या संपादकांचे वर्तन तपासले गेले. २००९ मध्ये सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाच्या चर्चच्या मालकीच्या संगणकजाळ्यांवरून होणाऱ्या संपादनांना समितीने मनाई केली, तेव्हाही चर्चच्या काही टीकाकारांवर त्याच निवाड्यात निर्बंध आले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय दोन्ही तंबूंत सारख्याच निष्ठेने पाळला जातो.

साहेबांच्या पानावर चुकीची माहिती आहे. आमच्या कार्यालयाने ती स्वतः दुरुस्त करावी का?

शक्यतो करू नये. तक्रार खरी असली तरी मार्ग चुकला की हात दाखवून अवलक्षण होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचे काँग्रेस सदस्य मार्टी मीहान यांच्या कर्मचाऱ्यांनी त्यांचे पान बदलून तिथे कार्यालयाने तयार केलेला परिचय टाकला आणि चार मुदतींपेक्षा जास्त पदावर राहणार नाही या त्यांच्या जुन्या वचनाचा उल्लेख त्यात उरला नाही. ही गोष्ट जानेवारी २००६ मध्ये त्यांच्याच भागातील वृत्तपत्राने उघडकीला आणली. जे वचन विसरले जात होते ते त्यामुळे देशभर छापून आले. विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनीही २००५ मध्ये स्वतःच्या पानावरील लॅरी सँगर यांच्या सहसंस्थापकपदाचे उल्लेख बदलले होते. हे करायला नको होते, अशी कबुली त्यांना द्यावी लागली.

मात्र तक्रार करणाऱ्याला हाकलून लावणे हाही उपाय नाही. ज्येष्ठ पत्रकार आणि एकेकाळी रॉबर्ट केनेडी यांचे सहायक राहिलेले जॉन सीगनथेलर यांच्या पानावर मे २००५ मध्ये कोणीतरी, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता, असे धादांत खोटे लिहिले. ते चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. सीगनथेलर यांनी वृत्तपत्रात लेख लिहिल्यावर खळबळ उडाली, आणि त्याच वर्षअखेरीस हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळे धोरण लिहायला घेतले गेले. त्या धोरणाप्रमाणे हयात व्यक्तीविषयी संदर्भहीन किंवा कच्च्या संदर्भावर आधारलेला वादग्रस्त मजकूर चर्चेची वाट न पाहता ताबडतोब काढायचा असतो.

म्हणून कार्यालयाने करावयाचे काम असे आहे. लेखाच्या चर्चा पानावर जाऊन आपण कोण आहोत आणि कोणासाठी काम करतो ते पहिल्याच ओळीत सांगावे. चुकीचे वाक्य जसेच्या तसे उद्धृत करावे, त्याखाली सुचवलेले वाक्य द्यावे आणि स्वतंत्र स्रोताचा दुवा जोडावा. ‘संपूर्ण पान बदनामीकारक आहे’ या तक्रारीवर कोणालाच काही करता येत नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदातील निवडणुकीचे वर्ष चुकले आहे’ या तक्रारीवर कधी कधी तासाभरात काम होते. मजकूर खाजगी स्वरूपाचा असेल, उदाहरणार्थ घरचा पत्ता किंवा अल्पवयीन मुलांची नावे, तर त्याची चर्चा पानावर वाच्यता न करता विकिपीडियाच्या स्वयंसेवकांना ईमेलने कळवावे.

पैसे घेऊन पान लिहून देणाऱ्या संस्था अधिकृत असतात का?

विकिपीडिया कोणालाही असा परवाना देत नाही. जून २०१४ पासून, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींनुसार, मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने पैसे कोण देतो, काम कोणासाठी आहे आणि आपला संबंध काय आहे ते जाहीर करणे बंधनकारक आहे. त्याआधी, २०१३ मध्ये, एका अमेरिकी कंपनीशी जोडलेली अडीचशेहून अधिक बनावट खाती बंद करावी लागली होती. २०१५ मध्ये उघड झालेल्या टोळीची पद्धत तर खंडणीसारखी होती. नाकारल्या गेलेल्या लेखांच्या विषयांना गाठायचे, पैसे घेऊन पान चढवायचे आणि नंतर ते ‘सांभाळण्यासाठी’ दरमहा पैसे मागायचे. त्या वेळी ३८१ खाती बंद झाली.

मराठीत आदरार्थी बहुवचन वापरावेच लागते. मग भाषा निःपक्षपाती कशी राहील?

इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, म्हणून तिकडच्या नियमावलीत त्याचे उत्तरही सापडत नाही. मराठीत ‘ते म्हणाले’ आणि ‘तो म्हणाला’ यांपैकी एक निवडल्याशिवाय वाक्यच पूर्ण होत नाही, आणि निवड झाली की भूमिका दिसते. एकाच लेखात आपल्या बाजूचा नेता ‘ते’ आणि त्याचा प्रतिस्पर्धी ‘तो’ असेल, तर संदर्भ तपासण्याची गरजच उरत नाही. व्यवहार्य तोडगा असा की, चरित्रनायकाला आणि लेखात आलेल्या इतर सर्व प्रौढ व्यक्तींना, मित्र असोत वा शत्रू, सारखाच आदरार्थी प्रयोग वापरावा. ‘हिटलर म्हणाले’ हे कानाला खटकते हे मान्य आहे, आणि जगाच्या इतिहासातील काही नावांबाबत मराठीचा रूढ एकेरी प्रयोग चालू राहणार. पण रूढी हे कारण असेल तर ती रूढी सर्वमान्य असली पाहिजे. एका तालुक्यापुरती नको.

पदव्यांचे दुखणे याहून मोठे आहे. ‘कार्यसम्राट’, ‘विकासपुरुष’, ‘लोकनेते’, ‘मा.’, ‘आदरणीय’ हे शब्द फ्लेक्सवरून थेट लेखात उतरतात. मी एकदा एका आमदारांच्या पानावरील ‘गोरगरिबांचे कैवारी’ हे शब्द काढले, तेव्हा दहा मिनिटांत ते परत आले. सोबत ‘दीनदलितांचे आधारवड’ हेही आले. लेखाचा इतिहास उघडल्यावर त्या बदलाच्या ओळीत ‘छो’ असे अक्षर दिसत होते. संपादकाने हा ‘छोटा बदल’ असल्याची खूण केली होती. जे विशेषण इतिहासात नावाचा भागच होऊन बसले आहे, जसे लोकमान्य टिळक किंवा महात्मा फुले, ते नावासोबत राहते, कारण त्याशिवाय वाचकाला माणूस ओळखू येत नाही. वाढदिवसाच्या अभीष्टचिंतनाच्या जाहिरातीत जन्मलेले विशेषण त्या वर्गात बसत नाही.

गौरवग्रंथ, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि पक्षाची मुखपत्रे संदर्भ म्हणून चालतील का?

जन्मतारीख, शिक्षण, भूषवलेली पदे अशा निर्विवाद बाबींसाठी चालतील. थोरवी सिद्ध करण्यासाठी चालणार नाहीत. षष्ट्यब्दीपूर्तीचा गौरवांक हा आपल्याकडचा मानाचा प्रकार आहे, आणि त्यात कधी कधी अन्यत्र न सापडणाऱ्या आठवणीही मिळतात, परंतु सत्कारमूर्तीविषयी वावगे लिहायचे नाही ही त्याची मूळ अटच असते.

वर्तमानपत्रात छापले म्हणजे मजकूर स्वतंत्र, असेही समजू नये. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या काळात तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा जवळपास शब्दशः सारखा मजकूर परस्परांच्या स्पर्धक वर्तमानपत्रांत छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. निवडणूक खर्चाच्या हिशेबावरून प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेले आणि जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाण यांच्या विरोधात आदेश देऊन त्यांना कारणे दाखवा नोटीस बजावली. मी इथेच थांबलो असतो, तर या पानाने आपलाच नियम मोडला असता : चव्हाण यांनी आरोप सुरुवातीपासून नाकारला होता, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. आरोपाची बातमी पहिल्या पानावर आणि सुटकेची आतल्या पानावर येते, त्यामुळे चरित्रांत बहुतेकदा पहिला भागच पोहोचतो. म्हणून कोणत्याही खटल्याविषयी लिहिताना शेवटचा निकाल शोधल्याशिवाय वाक्य जतन करू नये.

संपादन कोणी केले हे आयपी पत्त्यावरून निश्चित सांगता येते का?

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या संगणकाचा क्रमांक. त्यावरून जाळे कोणाचे हे सांगता येते. बोटे कोणाची हे नाही. २०१५ च्या मध्यास जवाहरलाल नेहरू यांच्या घराण्याविषयीच्या पानांवरील खोडसाळ बदल राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जाळ्यावरून झाल्याचे दिसले आणि राजकीय गदारोळ झाला. परंतु हे केंद्र देशभरातील असंख्य सरकारी कार्यालयांना जोडणी पुरवते. बदल सरकारी जाळ्यावरून झाला हे सिद्ध होते, सरकारने केला हे होत नाही.

याहून बोधप्रद प्रकरण ब्रिटनचे. एप्रिल २०१५ मध्ये, सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, हुजूर पक्षाचे सहअध्यक्ष ग्रँट शाप्स किंवा त्यांच्या वतीने कोणीतरी एक खाते चालवून शाप्स यांचे पान उजळते आणि प्रतिस्पर्ध्यांची पाने काळवंडते, असा संशय घेऊन एका प्रचालकाने ते खाते बंद केले. बातमी राष्ट्रीय वृत्तपत्रात गेली; शाप्स यांनी इन्कार केला. जूनमध्ये लवाद समितीने निष्कर्ष काढला की त्या खात्याचा कोणत्याही विशिष्ट व्यक्तीशी संबंध जोडणारा पुरावा नाही, आणि कारवाई करणाऱ्याचेच विशेष अधिकार काढून घेतले. साप समजून भुई धोपटल्याचा हा नमुना, आणि तोही मतदानाच्या काही आठवडे आधी.

प्रचालकच पक्षपाती असेल तर दाद कुठे मागायची?

कुंपणानेच शेत खाल्ल्याची उदाहरणे आहेत. आयआयपीएम ही व्यवस्थापनशिक्षण देणारी संस्था आणि तिचे प्रमुख अरिंदम चौधरी यांच्याविषयीच्या पानांवरील अनेक वर्षांच्या एकांगी संपादनांच्या प्रकरणात इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने फेब्रुवारी २०१५ मध्ये एका प्रचालकावर बंदी घातली. तक्रार करणाऱ्या संपादकांनी एकेक बदल दिनांकासह मांडला, म्हणून ते शक्य झाले. मात्र तोपर्यंत पाने कित्येक विद्यार्थ्यांनी वाचून झाली होती.

लहान भाषांत धोका वेगळा असतो. क्रोएशियन विकिपीडियावर समविचारी प्रचालकांच्या एका गटाने दशकभर ताबा ठेवला आणि दुसऱ्या महायुद्धकाळातील फॅसिस्ट उस्ताशा राजवटीचे स्वरूप सौम्य करून दाखवले, असे विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, पण रोज लक्ष घालणारी माणसे थोडी आहेत, आणि इंग्रजीसारखी लवाद समिती आपल्याकडे नाही. तेव्हा आधी लेखाचे चर्चा पान, मग चावडी (मराठी विकिपीडियावरील सार्वजनिक चर्चेची जागा), आणि तिथेही दखल घेतली गेली नाही तर सर्व भाषांसाठी असलेली मेटा-विकी, असा क्रम ठेवावा लागतो. चावडीवर लिहिताना माणसाविषयी न लिहिता बदलांविषयी लिहावे. दोन ‘फरक’, म्हणजे बदलाआधीची आणि नंतरची आवृत्ती शेजारी शेजारी, दाखवणारे दुवे दहा विशेषणांपेक्षा जास्त काम करतात.

मृत किंवा ऐतिहासिक व्यक्तींना हे नियम लागू होतात का?

हयात व्यक्तींचे कडक धोरण सहसा लागू होत नाही. संदर्भ, वजन आणि निःपक्षपात हे नियम होतातच. हितसंबंधही संपत नाहीत, ते वारसदारांकडे, पक्षांकडे आणि जातिसंघटनांकडे जातात. महाराष्ट्रात हे फार तीव्रतेने जाणवते. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयी इंग्रजी विकिपीडियावर असलेल्या मजकुरावर आक्षेप आले, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्याच्या सायबर पोलिसांना विकिपीडियाशी संपर्क साधण्यास सांगितले आणि पुढे काही संपादकांवर गुन्हा नोंदवला गेला. मजकुराविषयी दुखावले जाणे समजण्यासारखे आहे. माझी हरकत एवढीच की, शंभूराजांविषयी मराठीत कागदपत्रे धुंडाळून लिहिणारी जी अभ्यासक परंपरा आहे, तिचे काम इंग्रजी पानावर संदर्भासह पोहोचवणे हा जास्त टिकाऊ उपाय होता, आणि गुन्ह्याच्या भीतीने जे संपादक मागे हटतात त्यांत असे काम करू शकणारेही असतात.

न्यायालयांतही हा प्रश्न पोहोचला आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्या पानावरील मजकुराबद्दल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात विकिमीडिया फाउंडेशनवर बदनामीचा दावा केला. त्या खटल्याविषयीचे पानच काढून टाकण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला. मूळ दाव्याचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

चरित्र एकांगी आहे हे वाचकाने कसे ओळखावे?

लेखापेक्षा ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ या दोन कप्प्यांत आधी डोकवावे. एकाच खात्याने हेच एक पान सोडून दुसरे काही लिहिलेले नाही, निवडणुकीच्या आदल्या पंधरवड्यात अचानक गर्दी झाली आहे, मोठा मजकूर गेल्याची लाल उणे खूण आहे आणि सारांशात ‘किरकोळ दुरुस्ती’ असे म्हटले आहे, अशा गोष्टी लगेच दिसतात. ‘टीका’ नावाचा वेगळा विभाग असणे हे निःपक्षपाताचे लक्षण समजू नये. पुष्कळदा तो उकिरड्यासारखा वापरला जातो, आणि वरचे सगळे पान स्वच्छ राहते.

आमच्या नेत्यावर अजून पान नाही. ते तयार करावे का?

त्यांच्याविषयी स्वतंत्र स्रोतांत पुरेसे लिहिले गेले असेल तर मसुदा धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लिखाणासाठीच्या पानावर, तयार करावा, आपले नाते सदस्यपानावर नोंदवावे आणि दुसऱ्या कोणाला तो तपासायला सांगावा. मात्र एक गोष्ट साहेबांना आधीच समजावून सांगितलेली बरी. पान झाल्यावर ते त्यांच्या मालकीचे राहणार नाही. उद्या एखादा गुन्हा नोंदला गेला, एखादी चौकशी लागली किंवा पक्ष बदलला, तर तेही त्याच पानावर येईल, आणि नको झाले म्हणून पान काढून टाकता येणार नाही. हे ऐकूनही वाढदिवसापर्यंत पान चढवून देण्याची हमी कोणी देत असेल, तर तो किती पैसे मागतो ते विचारावे आणि वापराच्या अटींप्रमाणे तो ते जाहीर करणार आहे का, हेही विचारावे.